लिनोकट: कडा काळ्याभोर, मधला भाग फिकट. प्रेस लागणारच का?

येळ्ळूरवाला

मंडळी, दिवाळीला बेळगावजवळच्या राजहंसगडाचं चित्र असलेली चाळीस शुभेच्छापत्रं घरीच छापून वाटायची आहेत. चित्र काढायची अडचण नाही, छपाई मात्र पहिल्यांदाच करतोय: लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र उलटं कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर दाबून ठसा घ्यायचा, म्हणजे लिनोकट. कार्ड १० बाय १५ सेंमी, काळा एकच रंग, खाली ‘शुभ दीपावली’.

सामान असं: जमिनीवर अंथरायच्या शीट विकतात त्या दुकानातून ‘लिनोलियम’ म्हणून आणलेला तुकडा (वर लाकडासारखी डिझाइन, खाली मऊ फोम), सहा छोट्या कोरण्यांचा सेट, ॲक्रिलिक रंगाची ट्यूब, भिंत रंगवायचा लहान स्पंजचा रोलर, ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) गुळगुळीत कार्ड आणि दाबायला लाटणं.

झालं काय, तर कडा काळ्या आणि मधे राखाडी. काळ्या भागात सगळीकडे बारीक उभ्या रेघा, ज्या मी कोरलेल्याच नाहीत. बुरुजाच्या दगडांच्या सांध्यांत रंग भरून सगळं एकजीव. दोन कार्डं ठोकळ्याला चिकटून फाटली. प्रेसशिवाय हे जमतच नाही असं एकाने सांगितलं, ते खरं का? बजेट अडीच हजार. आणि हा पाऊस थांबायची वाट बघू की आताच करू?

उठाव_ठसा

प्रेस नको. तुमच्या यादीतल्या सहापैकी पाच वस्तू बदला. कोरण्या तेवढ्या ठेवा, पण आधी त्यांना धार लावा.

तुम्ही आणलंय ते लिनोलियम नव्हेच, पीव्हीसी आहे. खरं लिनोलियम म्हणजे हवेवर घट्ट केलेलं जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुगा, आणि मागे तागाचं कापड. फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात ते जमिनीवर अंथरायलाच काढलं, चित्रकारांनी ते नंतर उचललं. पुढे स्वस्त पीव्हीसी आलं आणि दुकानात नाव तेवढं जुनंच राहिलं. ओळखायला सोपं आहे. मागे तागाची वीण दिसते, आणि नाकाशी धरलं तर जवसाचा (कानडीत अगसी म्हणतात तेच) जुनाट तेलकट वास येतो. कोरताना लिनोचा काप सुटून बाजूला पडतो. पीव्हीसीचा रबरासारखा ताणतो आणि टोकाला लोंबत राहतो. तुमच्या त्या न कोरलेल्या उभ्या रेघा म्हणजे शीटवरचा लाकडाचा पोत आहे, दुसरं काही नाही.

कलासाहित्याच्या ऑनलाइन दुकानांत ‘ग्रे लिनो’ म्हणून शोधा. जाडी ३.२ मिमीच्या आसपास असते. ठोकळा ८ बाय १२ सेंमीचा कापा म्हणजे कार्डावर चारी बाजूंना समास राहील. कडेपर्यंत छापायला गेलात तर कागद धरायला जागाच उरत नाही आणि बोटांचे डाग हमखास.

कोरायला दोनच कोरण्या पुरतात: रेषांना बारीक व्ही (इंग्रजी V सारख्या टोकाची), मोकळी जागा काढायला ५-६ मिमीची यू (U सारख्या टोकाची). रेषा अर्धा ते एक मिमी खोल, मोठी मोकळी जागा दीड ते दोन. मोकळी जागा मोठी असेल तितकी खोल लागते, कारण तिथे रोलरही खाली वाकतो आणि कागदही झोळ खातो. गडामागचं आकाश उथळ ठेवलंत तर तिथे काळे ओरखडे येणारच. ताग दिसेपर्यंत मात्र खाली जाऊ नका. ठेवलेल्या रेषेच्या भिंती डोंगराच्या उतारासारख्या ठेवा, वर अरुंद, खाली रुंद. रेषेच्या पोटात शिरून कोरलं की ती दोन-चार छापांत मोडून पडते. वळण घेताना मनगट फिरवायचं नाही, ठोकळा फिरवायचा. लिनो गार असला की कडक होतो आणि कोरणी घसरते. ऊन नसेल तर गरम पाण्याची पिशवी खाली पाच मिनिटं ठेवा, लोण्यासारखा कापतो.

धरणारा हात कायम कोरणीच्या मागे. यासाठी अडणीची फळी करून घ्या: १२ मिमी प्लायचा फूटभर तुकडा, एका टोकाला खालून लाकडी पट्टी, दुसऱ्या टोकाला वरून. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, आणि धरण्यासाठी हात पुढे न्यावाच लागत नाही.

आता शाई. ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळतं, म्हणूनच कार्ड चिकटलं. ठसेछपाईची शाई वेगळी, दाट आणि चिकट असते. सुरुवातीला पाण्याने धुता येणारी घ्या, स्पीडबॉलची चालते. स्पंजचा रोलर बाद, कारण स्पंज दबला की कोरलेल्या खाचांत उतरतो आणि तिथेही रंग सोडतो. तुमचे दगडांचे सांधे असेच भरले. टणक रबराचा १० सेंमीचा रोलर हवा. काचवाल्याकडून ६ मिमी जाडीची फूटभर काच आणा, कडा मशीनवर घासून घ्या.

काचेवर हरभऱ्याएवढे दोन ठिपके शाई पुरते. रोलर उभा-आडवा फिरवत ती पसरायची, आणि प्रत्येक फेरीनंतर रोलर उचलून थोडा फिरू द्यायचा, नाहीतर त्याचा तोच भाग काचेला लागत राहतो. इथे डोळ्यापेक्षा कान उपयोगी. थर जाड असला की पचपच आवाज येतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. थर बरोबर असला की कढईत मोहरी तडतडायच्या आधी तेल जसं सूं करतं तसा बारीक आवाज येतो आणि शाई मखमलीसारखी दिसते. अशा पातळ थराचे ठोकळ्यावर तीन-चार हात द्या, दर वेळी दिशा बदलून. एकाच जाड थरात उरकायला गेलात की बारीक रेषा बुजल्याच म्हणून समजा.

कागद. ३०० जीएसएमला हाताचा दाब पुरत नाही. ८० ते १०० जीएसएमचा, चकाकी नसलेला कागद घ्या आणि छापून झाल्यावर खळीने कार्डावर चिकटवा. लाटण्याचा दाब एका रेषेत पडतो. कडेवरून उतरताना तो जास्त बसतो आणि मधे विभागला जातो, त्यात तुमच्या शीटखालचा फोम दबलेला. त्याऐवजी भात वाढायचा स्टीलचा डाव घ्या. त्याची फुगीर पाठ एका वेळी नाण्याएवढ्या जागेवरच टेकते, म्हणून हाताचा जोर पुरतो. कागदावर बटर पेपर ठेवा, मधून कडेकडे छोट्या गोलांत दोन-तीन मिनिटं घासा. मग एका हाताने कागद दाबून धरून एकच कोपरा उचलून बघा. फिकट दिसलं तर कोपरा परत टेकवून तिथे पुन्हा घासा. कागद हलला तर कडा दुहेरी येतात, त्याला इलाज नाही, दुसरा कागद घ्या.

पहिले तीन-चार छाप फिकटच येतात. ठोकळा शाई पितो. चाळीस हवेत तर पंचावन्न कागद कापून ठेवा.

घाटमाथा_खानापूर

वरच्या उत्तरात एक गोष्ट खटकली. पाण्याने धुता येणारी शाई आणि वर खळ? छापलेल्या कागदाच्या मागून ओली खळ लागली की ती शाई फुटते. वाळल्यावरही ओल्या बोटाने पुसली जाते. ज्या कार्डावर आजीचा पेढ्याचा हात लागणार आहे, त्यावर ही शाई नको.

चाळीस कार्डांना तेलाची शाईच घ्या. साबणाने धुता येणारी तेलाची शाईही मिळते (कॅलिगो सेफ वॉश), पण महाग. स्वस्त वाट म्हणजे लग्नपत्रिका छापणाऱ्या जुन्या प्रेसमध्ये ट्रेडल मशीनची (पायाने चालवायच्या जुन्या छपाई यंत्राची) काळी शाई असते, ती पन्नास-शंभर ग्रॅम मागा. ऑफसेटचीही चालेल, फक्त ती जास्त ओढते. छाप उचलताना कागदाचे तंतू निघायला लागले तर चमचाभर शाईत जवसाच्या तेलाचे दोन थेंब, बास. जास्त झालं की शाई सैल पडून रेषांच्या बाहेर पाझरते, आणि काही दिवसांनी छापाभोवती पिवळट तेलकट कडं उमटतं.

पावसाचं म्हणाल तर तेलाची शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. श्रावणातल्या दमट, गार हवेत आठवडाही लागतो. बंद कपाटात ठेवलीत तर त्याहून जास्त, वर कागदाला बुरशी. शाई लवकर वाळवणारा कोबाल्ट ड्रायर मिळतो, चमचाभर शाईला एखाद-दुसरा थेंब. त्याहून जास्त घातला तर शाई काचेवरच साय धरते, आणि त्या सायीचे तुकडे छापात काळे गुठळे आणि त्याभोवती पांढरं वर्तुळ असे उमटतात. सायीची शाई ढवळून वापरू नका, सुरीने साय उचलून टाका.

छाप दोरीला चिमट्यांनी टांगा, एकमेकांना न लागता. ‘वाळलंय’ वाटून थप्पी लावलीत की खालच्याची शाई वरच्याच्या पाठीवर. वाळलं का हे बोटाने नाही, टाकाऊ छापावर पांढरा कागद नखाने दाबून बघा.

माझा हिशोब असा: कोरायला पावसाची अडचण नाही, ते आत्ताच करा. गणपती उठले की पितृपक्षात छापा आणि नवरात्रभर वाळू द्या. पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत, पण शाईला ते कुठं ठाऊक? दसऱ्यानंतर खळ लावा.

येळ्ळूरवाला

एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ग्रे लिनो मागवलाय, पण यायला वेळ आहे, तोवर प्लायच्या दुकानातून ५.५ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणून सराव करतोय. त्यावर व्हीने रेघ मारली की कडा केसाळ होतात. आणि अक्षरांचं काय करायचं? ‘दी’ उलटा केला की ‘दि’ दिसतो, मग मी तो ‘सुधारतो’, आणि छापल्यावर नेमका तोच चुकलेला निघतो.

बोरू

अक्षरांचं सांगतो. उलटं अक्षर वाचायचं नाही, हा पहिला नियम. आपल्या लिपीत हा सापळा रोमनपेक्षा वाईट आहे. दीर्घ वेलांटीचा काना आरशात डावीकडे जातो आणि ती ऱ्हस्व वाटते. ऱ्हस्व उकार उलटला की दीर्घासारखा दिसतो. ‘शुभ दीपावली’त वेलांट्या दोन, उकार एक, म्हणजे ‘सुधारायच्या’ तीन जागा. म्हणून ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलने सुलटं लिहा, तो कागद पालथा करून लिनोवर चिकटपट्टीने बसवा आणि मागून चमच्याने घासा. उलटी प्रतिमा आपोआप उतरते. ती मार्करने पक्की करा आणि त्यानंतर डोकं न वापरता फक्त आकार कोरा. शंका आली तर मोबाइलमध्ये फोटो काढून आडवा उलटवा. सेल्फी कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका, काही फोन सेल्फी स्वतःच उलटवतात, काही नाही.

‘शुभ’मधल्या ‘भ’कडे नीट बघा. ‘भ’ आणि ‘म’ यांत शिरोरेषेतल्या त्या फटीचाच काय तो फरक. काळं अक्षर ठेवून भोवतीचं कोरलंत आणि फट अर्ध्या मिलिमीटरची राहिली, तर पाचव्या-सहाव्या छापाला शाई भरून ‘शुम दीपावली’ होतं. फट एक मिमीपेक्षा कमी नको. अक्षराची उंची १२ मिमी तरी घ्या, जाडी दीड मिमी.

त्यापेक्षा मी म्हणेन, अक्षरंच कोरून काढा. गडाच्या पायथ्याशी काळी जमीन ठेवा आणि त्यात पांढरी अक्षरं. व्हीची एक ओळ म्हणजे एक फटकारा, आजूबाजूला साफ करायचं काम नाही. शिरोरेषा स्टीलच्या पट्टीला टेकवून एकाच ओढीत मारा, टाके पडले की ती दाढीसारखी दिसते. इथे ‘भ’चा हिशोब उलटा होतो. फट म्हणजे आता लिनोचा उभा राहिलेला छोटा बांध. तो तुटला की पुन्हा ‘म’. म्हणून तिथे शिरोरेषा दोन्हीकडून बांधाकडे कोरत आणा आणि जरा अलीकडे थांबा. बांधाच्या पलीकडे कोरणी सुटू देऊ नका.

काळ्या जमिनीत पांढरी रेष किती काम करते ते बघायचं असेल तर नंदलाल बोस यांचं १९३० चं लिनोकट शोधा, दांडीयात्रेतले काठी घेतलेले गांधीजी. किती कमी कोरलंय ते मोजा.

उठाव_ठसा

@घाटमाथा, खळीचा मुद्दा मान्य. पाण्याची शाईच वापरायची असेल तर खळ नको, वरच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीची एक ओळ पुरते. चाळीस कार्डांना तेलाचीच बरी.

एमडीएफचे केस: कोरण्याआधी लाखेचं पॉलिश स्पिरिटने पातळ करून दोन हात द्या, मधे २२० नंबरचा पॉलिशपेपर हलका फिरवा. वरचे तंतू बांधले जातात आणि शाईही कमी पितो. पॉलिशच्या पहिल्या हातात थोडा लाल रंग टाका, म्हणजे कोरलेलं फिकट आणि न कोरलेलं लाल असं स्पष्ट दिसतं. एमडीएफमधल्या डिंकाने धार लवकर जाते. चामड्याच्या जुन्या पट्ट्याला हिरवा पॉलिशिंग साबण चोळा आणि दर अर्ध्या तासाने कोरणी त्यावर मागे ओढा, दहा-बारा वेळा. पुढे ढकललीत तर चामडं कापेल. कोरणी कापण्याऐवजी फाडायला लागली की समजायचं, जोर वाढवू नका, धार लावा. हात कापतो तो बोथट कोरणीनेच, कारण ती घसरते.

उद्यमबागी

प्रेसचा प्रश्न मागे पडला, पण पुढे कुणी विचारेल म्हणून. कार्डाच्या आकाराला बाइंडिंगवाल्यांकडचा, वर चाक फिरवून दाबायचा लोखंडी प्रेस उत्तम चालतो. ठोकळा बरोबर मधोमध ठेवायचा, वर कागद, मग चार पदरी वर्तमानपत्र आणि पातळ फेल्ट. एका बाजूला सरकला तर प्लेट तिरकी बसते आणि अर्धा छाप फिकट येतो.

रोलरचा प्रेस बनवून घ्यायचा तर बेळगावात लेथ आणि फाउंड्रीला तोटा नाही. पण नुसतं चित्र दाखवून ‘असा करा’ म्हणू नका, मापं द्या. फूटभर रुंदीला किमान ७५ मिमी व्यासाचा, ८-१० मिमी जाडीचा सीमलेस पाइप, शाफ्ट बसवल्यानंतर लेथवर फिरवलेला. आधी फिरवून मग शाफ्ट वेल्ड केला तर वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडा होतो आणि दर फेऱ्याला छापात एक फिकट पट्टा येतो. बेडला, म्हणजे ठोकळा ठेवायच्या तळाला, १२ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, मशीनवर घासून सपाट केलेली. वरचा रोलर दोन्ही बाजूंच्या स्क्रूने खाली-वर व्हायला हवा, आणि दोन्ही स्क्रूंवर खुणा असाव्यात, म्हणजे दाब समान ठेवता येतो. लिनोला एचिंगइतका (धातूच्या कोरलेल्या पत्र्यावरून छापतात त्याइतका) दाब लागत नाही. जास्त दिलात तर लिनो पुढे सरकतो आणि लांबतो. त्याच्या दोन्ही बाजूंना लिनोच्याच जाडीच्या एमडीएफच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे रोलर कडेवर धपकन चढत-उतरत नाही.

येळ्ळूरवाला

प्रेस पुढच्या वर्षी बघू. शेवटचं एक: तेलाची शाई धुवायची कशाने? रॉकेल आता मिळत नाही.

घाटमाथा_खानापूर

रॉकेल नकोच. घरातलं गोडेतेल. आधी उरलेली शाई पत्र्याच्या पट्टीने काचेवरून खरवडून कागदात घ्या. मग चमचाभर तेल ओतून रोलर त्यातच फिरवा, चिंधीने पुसा, दुसरं तेल, पुन्हा पुसा, शेवटी भांड्याचा साबण लावलेल्या चिंधीने. ठोकळा नळाखाली धरू नका. मागचा ताग पाणी पितो आणि लिनो पापडासारखा वळतो. रोलर त्याच्या रबराच्या भागावर टेकवून ठेवू नका, एका रात्रीत चपटा डाग पडतो, खिळ्याला टांगा.

आणि चिंध्या. जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबल्या की घट्ट होताना त्यांच्यातली उष्णता बाहेर जात नाही, आणि त्या आपोआप पेटू शकतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा, कडक झाल्या की कचऱ्यात. पाऊस असेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बोरू

क्रमांक घालणार असाल तर पेन्सिलने, छापाखाली डाव्या कोपऱ्यात १/४०, २/४० असं, उजवीकडे सही. शाईपेनाने नको, खळ लावताना फुटेल.